हवाईच्या सहली काढणाऱ्यांना खुले पत्र: बस जिथे थांबते तिथला इतिहास तरी सांगा

मराठी सहल कंपन्यांचे संचालक, माहितीपुस्तिका लिहिणारे आणि बसमध्ये माइक हातात घेणारे टूर लीडर यांस,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या सहलीला हवाईचे चार-पाच दिवस जोडायची पद्धत आता चांगली रुळली आहे. पुस्तिकेतला हवाईचा इतिहास मात्र बहुधा तीन सालांत आटोपतो. १७७८ मध्ये कॅप्टन कुकने बेटे ‘शोधली’, १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. साले तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्हींत हवाईचा माणूस कुठेच नाही. कुक आला तेव्हा या बेटांवर लाखो लोक पाटाच्या पाण्यावर शेती करत होते. पुढे तिथे राज्यघटना असलेले राज्य होते आणि १८४३ मध्ये ब्रिटन व फ्रान्सने त्याचे स्वातंत्र्य लेखी मान्य केले होते. ते राज्य कसे गेले, जमीन कुणाच्या नावावर चढली, ओढ्यांचे पाणी कुठे वळवले, याच्या खुणा तुमची बस थांबते त्याच जागांवर आहेत. नवीन थांबे वाढवा असे आमचे म्हणणे नाही. आहेत त्याच थांब्यांवर काय बोलायचे, ते बदला. जमीन आणि पाणी हा धागा धरला तर कुठेही पाच मिनिटांत सांगता येते.

सुरुवात जेवणापासून करा. लूआऊच्या, म्हणजे हवाईच्या मेजवानीच्या, ताटात पोई नावाची करड्या-जांभळ्या रंगाची लापशी येते. आपली मंडळी बोट बुडवून चाखतात, तोंड वाकडे करतात आणि वाटी सरकवून ठेवतात. ती अळूची आहे, हे कुणी सांगतच नाही. पाने नव्हे, कांदा: वाफवायचा, सोलायचा, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटायचा आणि पाणी घालत पातळ करायचा. दोन-तीन दिवस ठेवली की आंबते, आणि पुष्कळांना तशीच आवडते. अळूला तिथे कालो म्हणतात. हवाईच्या उत्पत्तिकथेत वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. ते पुरले तिथे अळू उगवला. दुसरे मूल जगले, त्यापासून माणसे झाली. म्हणजे नात्याने अळू मोठा भाऊ. सांभाळायचे धाकट्याने, पोसायचे थोरल्याने.

मूळचे लोक दक्षिणेकडच्या पॉलिनेशियन बेटांवरून दुहेरी होड्यांतून सुमारे इ. स. १००० ते १२०० या काळात आले, असे आजचे बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. होकायंत्र नव्हते. तारे, लाटांची दिशा आणि पक्षी यांवर वाट काढायची. ‘वाहत वाहत चुकून पोचले असतील’ हा समज १९७६ मध्ये मोडला. होकुलेआ ही जुन्या पद्धतीची होडी हवाईच्या माउई बेटावरून ताहितीला साधनांशिवाय गेली. वाट दाखवणारे मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग होते. त्या पहिल्या होड्यांतून काय आले याची यादी कोकणातल्या प्रवाशांना वाचून दाखवा: अळू, नारळ, केळी, ऊस, हळद, नीरफणस, उंडी, बारतोंडी. ऊस गोऱ्या मळेवाल्यांनी आणला असे सरसकट सांगितले जाते. तो आधीच तिथे होता. मळेवाल्यांनी आणली ती साखरेची बाजारपेठ.

आता शेताकडे. अळूच्या पाणथळ खाचराला लोइ म्हणतात आणि पाटाला औवाई. ओढ्यात सैल दगडांचा बांध घालायचा, पण ओढा पुरता अडवायचा नाही. पाण्याचा काही भागच पाटात घ्यायचा. पाट वरच्या खाचरात, तिथून खालच्या, मग त्याखालच्या, आणि शेवटी पाणी पुन्हा ओढ्यात. ही परतफेड चुकली तर सगळी रचना बिघडते. लागवड कांद्याची नसते. काढणीच्या वेळी कांद्याचा माथा आणि वरचा वीतभर देठ कापून ठेवतात. त्याला हुली म्हणतात. चिखल पायांनी तुडवून मऊ करायचा, हुली खोचायची आणि नऊ ते चौदा महिने थांबायचे. या सगळ्या काळात पाणी हलते आणि थंड हवे. ते सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की कांदा सडू लागतो. म्हणून लोइला लागणारे पाणी ‘पिण्याचे’ कमी आणि ‘वाहण्याचे’ जास्त. पाण्याच्या खटल्यांत शेतकऱ्यांनी दिलेल्या साक्षींत दर एकरी दिवसाला १ ते ३ लाख गॅलन असे आकडे येतात. आकडा प्रचंड वाटतो, पण त्यातले बहुतेक पाणी ओढ्यात परत जाते. खटल्यात समोरच्या पक्षाचे वकील हा फरक गाळतात आणि शेतकऱ्याला उधळ्या ठरवतात.

डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळरांगेपर्यंतच्या जमिनीच्या पट्ट्याला अहुपुआआ म्हणतात. वर लाकूड आणि पिसांसाठी पक्षी, मध्ये रताळी व नीरफणस, खाली लोइ, किनाऱ्याला मासे. प्रत्येक पट्ट्यावर आलिई, म्हणजे सरदार, आपला कोनोहिकी नेमत असे. पाटाची पाळी, श्रमाचे दिवस आणि कोणत्या माशाला कोणत्या महिन्यात बंदी, हे तो ठरवी. साधा शेतकरी जमिनीला बांधलेला नव्हता; कोनोहिकी जाचक निघाला तर तो उठून दुसरीकडे जाई. पण याला स्वर्ग म्हणून विकू नका. कापूचे, म्हणजे धार्मिक वर्ज्यावर्ज्याचे, निर्बंध कडक होते आणि मोडल्यास मृत्युदंड होता. बायका पुरुषांबरोबर जेवू शकत नसत. डुकराचे मांस, बहुतेक केळी आणि नारळ त्यांना वर्ज्य होते. सरदारांच्या लढायांत माणसे मरत. १८१९ मध्ये कामेहामेहा पहिला वारला. त्यानंतर त्याच्या दोन राण्या, काआहुमानू आणि केओपुओलानी, यांनी तरुण राजाला आपल्या पंगतीत जेवायला बसवले आणि कापू मोडला. मिशनऱ्यांचे पहिले जहाज १८२० मध्ये आले, म्हणजे ही घटना त्यांच्या आधीची. ‘मिशनऱ्यांनी कापू बंद पाडला’ हे वाक्य पुस्तिकेत असेल तर काढा.

होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरून तुमची बस जातेच. कानेओहेच्या उपसागरात हेएइयाचे मत्स्यतळे आहे. ८८ एकर पाणी, भोवती सुमारे ७,००० फूट लांब आणि बारा-पंधरा फूट रुंद दगडी भिंत. वय कित्येक शतके. दोन्ही बाजूंनी काळा दगड, आत प्रवाळाची भर, चुना अजिबात नाही. भिंतीत जागोजागी माकाहा, म्हणजे गजांची दारे. गोव्यातल्या खाजनाची मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दार लगेच उमगेल, फक्त इथे ते उघडझाप करत नाही. गजांमधून बोटभर पिल्ले आत येतात, तळ्यातल्या शेवाळावर पोसतात आणि जाडजूड झाली की त्याच गजांतून बाहेर पडू शकत नाहीत. भरतीला ताजे पाणी आत येऊ लागले की मासे स्वतःच दाराशी गोळा होतात आणि तिथे जाळे टाकायचे. १९६५ च्या पुरात भिंतीला खिंडार पडले. त्यात तिवराची भर. हे झाड हवाईचे नव्हे. १९०२ मध्ये मोलोकाई बेटावर गाळ थोपवायला आणून लावले, आणि पुढे त्याच्या मुळांनी अशा भिंती उचकटल्या. आपल्याकडे तिवर वाचवायची मोहीम असते. तिथे ते तोडणे हे संवर्धन. २००१ पासून पाएपाए ओ हेएइया ही स्थानिक संस्था लोकांच्या श्रमदानाने भिंत बांधते आहे आणि २०१५ मध्ये खिंडार बुजले.

कुकविषयी थोडक्यात. जानेवारी १७७८ मध्ये तो काउआई बेटावरच्या वाइमेआला उतरला. पुढच्या वर्षी केआलाकेकुआच्या उपसागरातून निघाल्यावर ‘रेझोल्यूशन’ची डोलकाठी मोडली, म्हणून त्याला परत यावे लागले. एक होडी चोरीला गेली. ती परत मिळावी म्हणून तो राजा कालानिओपुऊला ओलीस धरायला गेला आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजी किनाऱ्यावरच मारला गेला. ‘देव समजून पूजले आणि मग खाल्ले’ ही गोष्ट कृपया बंद करा. हवाईत नरमांस खाण्याची प्रथा नव्हती. मोठ्या सरदाराच्या देहाची हाडे सोडवून जपत, तसेच कुकच्या देहाचे केले. खरी आपत्ती कुकच्या मरणात नाही, त्याच्या खलाशांनी आणलेल्या रोगांत आहे. १७७८ च्या लोकसंख्येचे अंदाज तीन लाखांपासून सहा-सात लाखांपर्यंत जातात. १८३१-३२ च्या मिशनरी गणतीत उरले सुमारे १ लाख ३० हजार. १८५३ ला ७० हजारांच्या आसपास, १८९० ला मिश्र वंशाचे धरून ४० हजार. पुढचे सगळे राजकारण या आकड्यांच्या सावलीत वाचावे लागते. ज्या पाटाला पन्नास माणसे लागत, त्याला आता दहा उरली.

होनोलुलूत कामेहामेहाच्या सोनेरी झग्याच्या पुतळ्यापुढे बस थांबते आणि फोटो होतात. त्याने १७९५ च्या नूउआनूच्या लढाईत ओआहू घेतले. १८१० मध्ये काउआईने मांडलिकत्व मान्य केले आणि बेटांचे एक राज्य झाले. पुतळ्यामागची इमारत अलिइओलानी हाले, समोर रस्त्यापलीकडे इओलानी राजवाडा. या शंभर पावलांत दोन गोष्टी सांगायच्या आहेत, माहेले आणि १८९३.

माहेले म्हणजे १८४८ ची जमिनीची वाटणी. त्याच साली आपल्याकडे साताऱ्याचे राज्य खालसा झाले. हवाईच्या राजाला अशा बातम्यांची धास्ती होतीच. १८४३ मध्ये एका ब्रिटिश कप्तानाने पाच महिने राज्य बळकावून दाखवले होते. खासगी मालकी लिहून ठेवली तर परकी सत्ता आली तरी जमीन वाचेल, हा कामेहामेहा तिसऱ्याच्या सल्लागारांचा तर्क. २७ जानेवारी ते ७ मार्च १८४८ या काळात राजा आणि अडीचशेच्या आसपास सरदार व कोनोहिकी यांच्यात वाटण्या नोंदवल्या गेल्या. ढोबळ हिशेब असा: सरदारांकडे १६ लाख एकर, सरकारकडे १५ लाख, राजाच्या गादीकडे १० लाखांच्या आत. कसणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी ६ ऑगस्ट १८५० चा कुलेआना, म्हणजे कसणाऱ्याच्या हक्काच्या जमिनीचा, कायदा. यात तिथला शेतकरी कसा अडकला, ते टप्प्याटप्प्याने पाहिल्याशिवाय समजत नाही.

दावा १४ फेब्रुवारी १८४८ पर्यंत लेखी नोंदवलेला हवा होता; म्हणजे कायदा यायच्या अडीच वर्षे आधी मुदत संपलेली. ज्याने दावा केला त्याला साक्षीदार उभे करायचे. मग मोजणी, तीही स्वतःच्या खर्चाने, आणि मोजणीदार मोजके. मिळणार फक्त प्रत्यक्ष कसलेली जमीन आणि घरासाठी जास्तीत जास्त पाव एकर. पड ठेवलेले खाचर, डोंगरावरचे लाकूड, किनाऱ्यावरची मासेमारी, म्हणजे ज्यावर अहुपुआआ चालतो ते सारे, मोजणीच्या बाहेर. अनेकांनी दावा केलाच नाही. सरदाराच्या विरोधात साक्ष द्यायची लाज, गोवर आणि डांग्या खोकल्याची साथ, आणि मुळात जमीन ‘आपली करून घ्यायची’ ही कल्पनाच नवी. सुमारे १४,००० दाव्यांपैकी ८,००० हून थोडे अधिक मंजूर झाले. एकूण जमीन निघाली २८,६०० एकरांच्या आसपास, ४१ लाख एकरांच्या राज्यात एक टक्काही नाही. आणि कुलेआना कायद्याच्या महिनाभर आधी, १० जुलै १८५० ला, परदेशी माणसाला जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली होती.

त्या कायद्याच्या सातव्या कलमात मात्र एक चांगली गोष्ट राहून गेली. कुलेआनावाल्याला सरपण, घराचे लाकूड, गवत, टी (चहा नव्हे) नावाच्या झाडाची पाने, पिण्याचे व वाहते पाणी आणि जायची वाट यांचा हक्क. हे कलम आजही राज्याच्या कायद्यात आहे आणि पाण्याचे खटले त्यावर उभे राहतात. मागून जमिनी गेल्या त्या बहुतांश गुपचूप. सातबाऱ्यावर वारसांची नावे न चढवता दोन पिढ्या गेल्या की काय होते, ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. मळेवाला एका दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेई, मग वाटपाचा दावा लावी आणि कोर्टाच्या लिलावात सगळेच घेई.

साखरेला वेग दिला १८७५ च्या व्यापारी तहाने. हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त झाली आणि पंधरा वर्षांत उत्पादन जवळजवळ दसपट झाले. ऊस पावसाच्या बाजूला नको. ऊन हवे, म्हणून कोरड्या बाजूला लावायचा आणि पाणी डोंगरापलीकडून आणायचे. पूर्व माउईचा हामाकुआ पाट १८७८ मध्ये सुरू झाला. ओआहूवर १९१३ ते १९१६ या काळात कोओलाऊ डोंगर पोखरून वाइआहोले बोगदा काढला. एक पौंड साखरेमागे सुमारे ५०० गॅलन पाणी, असा ठोकताळा होता. हे पाणी ओढ्याला परत जात नसे. वरून ओढा आटला की खालच्या लोइत उरलेले पाणी तापते आणि अळू सडतो, हे वर सांगितलेच. शिवाय ओओपू मासा आणि ओपाए कोळंबी यांची पिल्ले समुद्रात जाऊन परत ओढा चढतात. ओढा समुद्राला भिडलाच नाही तर ती वाट बंद. १९७८ च्या राज्यघटना दुरुस्तीने पाणी ही लोकांची ठेव ठरली. २००० मध्ये वाइआहोले खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितले. माउईचा शेवटचा साखर मळा २०१६ मध्ये बंद पडला. पाण्याचे भांडण चालूच आहे, आता मागणी हॉटेले आणि बंगल्यांची.

मळ्यांसाठी माणसे लागली. १८५२ पासून चिनी, मग पोर्तुगीज, जपानी, पोर्टो रिकन, कोरियन, फिलिपिनो. ‘हवाईचे प्राचीन वाद्य’ म्हणून तुम्ही ऐकवता ते उकुलेले १८७९ मध्ये मदेराहून आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या गिटारीतून घडले. याच मजुरांच्या शोधात आणि राज्याला मित्र मिळवायला राजा कालाकाउआ १८८१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिलाच राज्यकर्ता. वाटेत तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आला आणि इथून बोटीने इजिप्तकडे गेला. मुंबईच्या प्रवाशांना राजवाड्यासमोर हे सांगा, कान टवकारतात.

आता इओलानी राजवाडा. १८८२ मध्ये पूर्ण झाला आणि १८८७ पर्यंत विजेने उजळला. व्हाइट हाउसला वीज १८९१ ची. त्याच १८८७ च्या जुलैमध्ये मळेवाले आणि व्यापाऱ्यांच्या गटाने सशस्त्र पथकाच्या धाकाने कालाकाउआकडून नवी घटना सही करून घेतली. लोक तिला संगिनीची घटना म्हणतात. राजाचे अधिकार गेले. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला ६०० डॉलर उत्पन्न किंवा ३,००० डॉलरची मालमत्ता हवी, म्हणजे बहुतेक हवाईयन बाद. गोऱ्यांना मात्र प्रजाजन न होताही मत, आणि आशियाईंना मतच नाही. त्याच वर्षी व्यापारी तहाच्या नूतनीकरणात पर्ल हार्बर वापरायचा हक्क फक्त अमेरिकेला मिळाला. १८९० मध्ये अमेरिकेने सगळ्याच देशांच्या साखरेवरचा कर काढला आणि आपल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले. हवाईच्या मळेवाल्यांची सवलत एका फटक्यात निरुपयोगी झाली. अमेरिकेचाच भाग झालो तर अनुदान आपले, हा हिशेब तेव्हापासून.

कालाकाउआनंतर गादीवर आलेल्या राणी लिलिउओकलानीने १४ जानेवारी १८९३ ला घटना बदलायचे ठरवले. १६ तारखेला यूएसएस बोस्टन या युद्धनौकेवरून १६२ सैनिक होनोलुलूत उतरले. त्यांना बोलावले अमेरिकेचा राजदूत जॉन स्टीव्हन्स याने. १७ तारखेला अलिइओलानी हालेपाशी, म्हणजे तुमची मंडळी पुतळ्याचा फोटो काढतात तिथेच, अमेरिकेत विलीन व्हायचे असलेल्या तेरा जणांच्या समितीच्या वतीने हंगामी सरकारचे फर्मान वाचले गेले. राणीने सत्ता सोडली ती त्या समितीकडे नाही, तर अमेरिकेच्या बळापुढे आणि निषेध नोंदवून. अध्यक्ष क्लीव्हलंडच्या चौकशीत अमेरिकेचा दोष मान्य झाला, पण राज्य परत मिळाले नाही. १८९५ च्या फसलेल्या उठावानंतर राणीवर तिच्याच दिवाणखान्यात लष्करी खटला चालला आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तिला आठ महिने कोंडले. ती खोली पाहता येते, तिने व तिच्या सोबतिणींनी शिवलेली गोधडीही. बहुतेक सहलींत राजवाड्याचे फक्त बाहेरून दर्शन असते; ते बदलाच.

‘हवाई अमेरिकेत सामील झाली’ या वाक्याला आमची सर्वांत मोठी हरकत आहे. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह सिनेटपुढे आला, तेव्हा हुई आलोहा आइना या संघटनेच्या पुरुष व स्त्री शाखांनी बेटोबेटी फिरून विरोधाच्या अर्जावर २१,२६९ सह्या गोळा केल्या. हवाईयन लोकसंख्या तेव्हा ४० हजारांच्या आत होती, मुले धरून. चार प्रतिनिधी तो ५५६ पानांचा गठ्ठा घेऊन डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला गेले, आणि तहाला लागणारी दोन-तृतीयांश मते जमली नाहीत. तह पडला. हे कुठल्याच पुस्तिकेत नसते. मग १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले, फिलिपिन्सकडे जायला मधला तळ हवा होता, आणि तहाऐवजी न्यूलँड्स ठराव आणला. ठरावाला दोन्ही सभागृहांत साधे बहुमत पुरते. प्रतिनिधीगृहात २०९ विरुद्ध ९१, सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१. सिनेटचा आकडा पाहून कुणी म्हणेल, दोन-तृतीयांश झालेच की! मुद्दा तो नाही. एका देशाचा कायदा दुसऱ्या देशाला लागू कसा, ही शंका तेव्हाच्या सिनेटरांनीच काढली होती. १२ ऑगस्ट १८९८ ला राजवाड्यावरचा झेंडा उतरला. राजगादीची व सरकारची मिळून १८ लाख एकर जमीन भरपाई न देता अमेरिकेकडे गेली.

१९५९ च्या मतदानात ९४ टक्के ‘हो’ आले हेही सांगा, पण मतपत्रिकेवर स्वतंत्र होण्याचा पर्याय नव्हता हेही. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने १८९३ च्या उलथापालथीबद्दल ठरावाने माफी मागितली. जमीन परत देण्याचे कलम त्यात नाही. १९२१ च्या कायद्याने हवाईयनांना घरासाठी सुमारे दोन लाख एकर राखून ठेवले, पण निम्मे रक्त हवाईयन असल्याचे सिद्ध करा, ही अट. प्रतीक्षायादीत आज २८ हजारांहून अधिक नावे आहेत आणि यादीतच वारलेली माणसे पुष्कळ.

पर्ल हार्बरला तुम्ही अर्धा दिवस देता. २,४०३ मृत, त्यांतले १,१७७ एकट्या ‘ॲरिझोना’वर, तिथे गंभीर राहा, हे योग्यच. फक्त एवढी भर घाला की या खाडीचे जुने नाव पुउलोआ आहे, तिच्या काठी वीसहून अधिक मत्स्यतळी होती आणि ती नौदलाच्या भरावाखाली बहुतेक गेली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जवळच्या रेड हिल इथल्या नौदलाच्या भूमिगत टाक्यांतले इंधन पिण्याच्या पाण्यात उतरले. वीस टाक्या, प्रत्येकी सव्वा कोटी गॅलनची, होनोलुलूच्या मुख्य भूजलाच्या जेमतेम शंभर फूट वर. वाइकीकीचेही असेच. ते लोइ आणि तळ्यांचे पाणथळ होते. १९२० च्या दशकात आला वाई कालवा खणून सुकवले आणि खणलेल्या गाळाने भरले. हॉटेलच्या गॅलरीतून दिसणारा तो कालवा निसर्गरम्य नदी म्हणून दाखवू नका.

माउना केआवर तारे पाहायला जाता तेव्हा उंचीचा त्रास, स्वेटर, स्कूबानंतर चोवीस तासांत वर न जाणे, हे तुम्ही सांगताच. ४,२०७ मीटरच्या या माथ्यावर १३ दुर्बिणी उभ्या राहिल्या (त्यांतल्या दोन २०२४ मध्ये काढल्या) आणि जमीन तीच, १८९८ मध्ये गेलेली. राज्याने ती १९६८ मध्ये विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, तो २०३३ मध्ये संपतो. तीस मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीला २०१९ च्या जुलैमध्ये लोकांनी रस्ता अडवून विरोध केला आणि ३८ जणांना अटक झाली, बहुतेक वयोवृद्ध. या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका त्यातल्या भारतीय संस्थांपैकी एक. म्हणून ‘विज्ञानाला अडाणी लोकांचा विरोध’ असे म्हणायच्या आधी आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत ते प्रवाशांना कळू द्या. भाडेपट्टा, परवानगी आणि पूजास्थान असे ते भांडण आहे. ताऱ्यांशी त्यांचे वैर नाही. ज्यांचे पूर्वज ताऱ्यांवरून होडी हाकत आले, त्यांच्याविषयी तसे म्हणणे जरा विनोदीच.

राहिले माउईवरचे लाहाइना. ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत १०२ माणसे गेली. हे गाव १८४५ पर्यंत राज्याची राजधानी होते. राजाचे निवासस्थान तळ्यातल्या मोकुउला या बेटावर होते. ओढ्यांचे पाणी उसाला गेल्यावर तळ्याची दलदल झाली, १९१४ मध्ये ते बुजवून वर खेळाचे मैदान केले. १९९९ मध्ये तिथला साखर कारखाना बंद पडला आणि मोकळ्या मळ्यांत परदेशी गवत माजले. त्या दिवशी वारा घोंघावत होता, तुटलेल्या तारेतून सकाळी आग लागली, विझली असे वाटले आणि दुपारी पुन्हा उसळली. जळालेल्या भागात बस नेऊ नका. फोटो काढू देऊ नका. तिथे अजून माणसे घरे उभी करत आहेत.

छपाईला जायच्या आधी तीन बदल करावेत. राजवाड्याचे आतले तिकीट सहलीच्या किमतीत धरा. आरक्षण आधी लागते, रविवार-सोमवार टाळा, बुटांवर कापडी आवरणे घालावी लागतात, तेव्हा वीस मिनिटे जास्तीची ठेवा. हेएइयाला न सांगता बस नेऊ नका. संस्थेला आधी लिहा, ती सांगेल तेव्हाच आणि सांगेल तितकीच माणसे न्या. मोठ्या बेटावरच्या वायपिओ खोऱ्यात उतरायचा बेत छापला असेल तर काढा. तो रस्ता २०२२ पासून खासगी गाडीने किंवा पायी येणाऱ्या पर्यटकांना बंद आहे. माथ्यावरच्या कट्ट्यावरून खालच्या लोइ दिसतात. तिथे थांबून पाट कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवता येईल.

कळावे.

आपले,
हवाईच्या इतिहासाचे काही मराठी अभ्यासक